तेरा माणसांची लिफ्ट, सगळेच थोर

बझर वाजत होता. लिफ्टचं दार उघडं होतं. आत माणसं इतकी ठासून भरली होती की कुणाला शिंक आली असती तर शेजाऱ्याची परवानगी काढावी लागली असती. तरी उतरायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांचे डोळे छताकडे, मोबाइलकडे, समोरच्या भिंतीकडे. एकमेकांकडे तेवढे नाहीत.

"कोणीतरी एक जण उतरा," मी बाहेरून म्हणालो.

कोणी हललं नाही.

"ओक्करु दिगंडि," मी तेलुगूत सांगितलं. मग हिंदीत सांगितलं. मराठी राखून ठेवली, मनातल्या मनात बोलायला.

आतून एक भरदार आवाज आला. "प्रेझ द लॉर्ड, ब्रदर! माणसं बरोबर आहेत. तुमचं मशीनच खराब आहे."

ही रविवारची सकाळ, कुकटपल्लीतलं एक चर्च. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची सगळी चर्च म्हणतील, बघा, आम्ही नव्हतो.

मी लिफ्टचा माणूस. सुमंत साळवे. एका लिफ्ट कंपनीच्या सर्व्हिस डिपार्टमेंटमध्ये माझा जन्म गेला. आमचे आजोबा जालन्याहून हैदराबादला आले तेव्हा सगळं एकच राज्य होतं. आम्ही सुलतान बाजारच्या मागं वाढलो. दखनी गल्लीत शिकलो, तेलुगू नोकरीत शिकलो, मराठी आईनं सोडू दिली नाही. आणि आम्ही पण ख्रिस्तीच. तेव्हा पुढं मी टिंगल करतोय असं वाटलं तर ती घरातली टिंगल आहे, एवढं लक्षात ठेवा. टिंगल घरच्यांची करावी. बाहेरच्यांची केली तर भांडणं होतात.

आता थोडं मशीनचं. लिफ्टच्या ज्या खोलीत आपण उभे राहतो तिला आम्ही कार म्हणतो. कारखाली लोड सेल नावाचा एक सेन्सर असतो, तो वजन मोजतो. या लिफ्टवर लिहिलेलं होतं, तेरा माणसं. आमच्या हिशेबात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. असा अडुसष्ट किलोचा माणूस मी कुकटपल्लीत अजून पाहिलेला नाही, पण नियमात तो आहे. वजन जास्त झालं की बझर वाजतो, दार लागत नाही, लिफ्ट जागची हलत नाही. बिघडली म्हणून नव्हे. शहाणी आहे म्हणून.

मी मेन स्विच बंद केला तेव्हा कुठं मंडळी उतरली आणि कुरकुरत जिन्यानं वर गेली. मग मी रिकाम्या कारचं रीडिंग बघितलं. वॉचमनला आत उभं करून बघितलं, स्वतः उभा राहून बघितलं. सगळं बरोबर. सेन्सर एकदम ठणठणीत.

कारच्या आत समोरच्या भिंतीवर एक वचन लावलेलं होतं, चांगलं फ्रेम करून, सोनेरी अक्षरांत. विषय नम्रता. बझर वाजत असताना ही सगळी मंडळी तेच वाचत उभी होती. मला तिथंच हसू आलं. हसू दाबायला मी पार्किंगकडे तोंड फिरवलं आणि पुटपुटलो, "काय एकेक नग आहेत, देवा!"

"मराठी का रे तू?"

मागून आवाज आला. खांबाजवळ, स्कूटरींच्या रांगेत, व्हीलचेअरवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, जाड भिंगाचा चष्मा. वर लाउडस्पीकर टांगलेला. त्यातून तिसऱ्या मजल्यावरचं गाणं खाली येत होतं.

"हो मावशी. साळवे. मूळ जालन्याचे."

"अगं बाई! मी जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. मालन म्हणायचे मला. सिस्टर मालन." त्यांनी माझ्याकडं खालून वर बघितलं. "हसत होतास तू. मी बघितलं."

"नाही हो."

"हास की. मी पण हसते. दर रविवारी हाच सिनेमा असतो."

मालनमावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते फसलं होतं. तेव्हापासून खुर्ची. नात रिक्षात घालून आणायची, ती गाणाऱ्यांच्यात असल्यानं तिला लवकर वर जावं लागायचं. मावशी लिफ्टसमोर सगळ्यांच्या आधी हजर. पण आधी गाणाऱ्यांची वाद्यं जायची. मग पंचमंडळी, त्यांची आधीची प्रार्थना असते म्हणून. मग त्यांच्या बायका. मग बायकांच्या बहिणी. आणि मग पाळकांची सुरुवात झालेली असायची.

"कोणी सरकून जागा देत नाही?" मी विचारलं.

"देतील कसे? जयराजूनं हिशेब घातलाय ना. म्हणतो, अम्मा, तुमची चेअर तीन माणसांची जागा खाते. तीन आत्मे वर न्यायचे की एक, तुम्हीच सांगा." मावशींनी पदर सारखा केला. "मी म्हटलं, बाबा, तू एकटाच दोघांचा आहेस, त्याचं काय?"

जयराजू म्हणजे मघाचा भरदार आवाज. कमिटीचे चेअरमन, धंद्यानं बिल्डर. चर्चची इमारत त्यांनीच बांधून दिलेली आणि लिफ्टही त्यांनीच बसवून घेतलेली. त्यामुळं ही लिफ्ट त्यांची घरची गाडी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस वाईट नव्हता हो. स्टेजवर उभा राहून साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं कसं भलं केलं ते सांगायला लागला की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. फक्त स्टेजवरून उतरला की साक्षही तिथंच ठेवून यायचा.

"मग तुम्ही खालीच बसता?"

"बसते. ऐकू येतं सगळं." मावशींनी वरच्या लाउडस्पीकरकडं बोट केलं. "पण आता ते चालायचं नाही. माझ्या शीबाचं लग्न आहे."

शीबा म्हणजे ती नात. पोरगी लहान असतानाच तिची आई गेली, आणि बाप दुसरा संसार मांडून जो गेला तो गेलाच. मावशींनी पेन्शनवर आणि लोकांना इंजेक्शनं देऊन तिला वाढवली. आता आमच्याकडं चर्चमधल्या लग्नात पाळक सगळ्यांसमोर विचारतात, ही कन्या कोण देतो? तेव्हा बाप पुढं होतो आणि मुलीचा हात नवऱ्याच्या हातात देतो. बाप नसेल तर मामा, काका, जो कोणी घरचा असेल तो.

"तिचा हात मी देणार," मावशी म्हणाल्या. "माझ्याशिवाय तिला कोणी नाही आणि तिच्याशिवाय मला. आणि हा जयराजू मला काय म्हणतो? अम्मा, तुम्हाला वेळेत वर यायला नाही जमलं तर काळजी नक्को, मी आहे, मी देतो हात. अरे, तू देतो? पोरीला टायफॉइड झाला तेव्हा कुठं होतास रे?"

"पोरांना सांगून खुर्ची जिन्यावरून उचलून..."

"नक्को. जिना बघितलास? बोळ आहे नुसता, दोन वळणांचा. जन्मभर मी पडलेल्यांची हाडं बघितली. चार हातांवर भरवसा ठेवून मी नाही जायची. लिफ्ट आहे ना? मग लिफ्टनं जाईन."

मला काय वाटलं सांगू? मला राग आला. मशीन तपासायला आलेल्या माणसाला राग येऊ नये, आमच्या ट्रेनिंगमध्ये तसं सांगतात. पण आला.

प्रार्थना संपल्यावर मला वर कमिटीसमोर बोलावलं. टेबलावर केक, चहा, काजू. टेबलाच्या एका टोकाला पाळक बसलेले. त्यांना सगळे अय्यगारू म्हणायचे. तेलुगूत आदरानं तसंच म्हणतात. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, आणि चेअरमनकडं बघून मगच मान हलवणारे.

"साल्वे गारू," जयराजू म्हणाले, "मशीनमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

"काही नाही सर. मशीन ओके आहे. लोक जास्त चढतात."

"लोक चढणारच. चर्च वाढतंय! आशीर्वाद आहे तो."

"आशीर्वादाचं वजन पण लोड सेल मोजतो सर."

अय्यगारू हसले. मग चेअरमनकडं बघून हसायचे थांबले.

"तुम्ही असं करा," जयराजू म्हणाले. "सेटिंग वाढवा. तेराचं अठरा करा. लग्न येतंय, मोठे मोठे पाहुणे आहेत. त्यांच्यासमोर हा बझर वाजला तर इज्जत काय राहील?"

"सर, सेटिंग वाढवली तर बझर गप्प बसेल. पण वजन तेवढंच राहील ना?"

मी त्यांना समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगतो. लिफ्ट मजल्यावर थांबते ती ब्रेकच्या जोरावर. ब्रेक काही मर्यादेपर्यंतच वजन धरतो. त्याच्या वर गेलं की दार उघडं असताना कार खाली सरकायला लागते. त्या वेळी एखाद्याचा एक पाय आत आणि एक बाहेर असला तर काय होतं, ते मी एकदा बघितलंय. सांगणार नाही. तुम्ही जेवताना वाचत असाल.

"विश्वास ठेवा ब्रदर," जयराजू म्हणाले. "प्रभू सांभाळेल."

"सांभाळेल ना. पण ब्रेकचे लायनर सांभाळायचं काम त्यानं आमच्या कंपनीला दिलंय."

"तुम्ही ख्रिस्ती आहात ना?"

"आहे."

"मग चर्चसाठी एवढं करता येत नाही?"

"ख्रिस्ती आहे म्हणूनच खोटं सेटिंग करत नाही," मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण काजूची प्लेट माझ्यापासून लांब सरकवली गेली.

मी पार्किंगमध्ये उतरेपर्यंत माझ्या मॅनेजरचा फोन आला. श्रीनिवास सर. माणूस चांगला, फक्त कस्टमरचा फोन आला की त्याच्या पाठीचा कणा रजेवर जायचा.

"साल्वे, काय हे? चर्चची एएमसी रिन्यूअलला आलीय." एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. आमच्या कंपनीत लोक देवाच्या खालोखाल तिला भितात. "जयराजू सरांच्या अजून चार बिल्डिंग आपल्याकडं आहेत. थोडं अॅडजस्ट करून टाका ना."

"करतो सर. तुम्ही तेवढं मेलवर टाका. ओव्हरलोड सेटिंग वाढवावी, श्रीनिवास. मी लगेच करतो."

तिकडं सरांनी घसा खाकरला.

"सर? हॅलो?"

"तुम्ही फार हट्टी आहात साल्वे," सर म्हणाले आणि फोन ठेवला. मेल आला नाही. आमच्या धंद्यात मेलवर टाका हे दोन शब्द भल्याभल्यांना सज्जन करतात.

निघताना अय्यगारू मागून जिना उतरून आले. चेअरमन जवळपास नाहीत हे बघून म्हणाले, "काही उपाय नाही का? त्या अम्मांना वर आणायला पाहिजे. मला माहीत आहे, त्या खाली बसतात."

"उपाय आहे की, अय्यगारू. नियम करा. वयस्कर आणि आजारी माणसं आधी. बाकीचे नंतर, किंवा जिन्यानं. बोर्ड लावा."

त्यांना ते पटलं. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि दिलसुखनगरहून बोर्ड करून आणला. छान निळा, पांढऱ्या तेलुगू अक्षरांचा: मुंदु पेद्दलकु.

इथंच सगळं फसलं. मुंदु म्हणजे आधी, आणि पेद्दलु म्हणजे मोठी माणसं. आपण मराठीत थोर मंडळी म्हणतो ना, तसं. वयानं मोठी असली तरी पेद्दलुच. पण तेलुगू चर्चमध्ये कमिटीवरच्या पंचांनाही पेद्दलुच म्हणतात. अय्यगारूंच्या मनात म्हातारी माणसं होती. पंचांनी बोर्ड वाचला आणि त्यांना त्यात स्वतःचं नाव दिसलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. लिफ्टसमोर बोर्ड आणि बोर्डाखाली पंचमंडळी, ऐटीत, कोट घालून. आता तर त्यांना हक्कच मिळाला होता. जयराजूंचा मेहुणा, वय जेमतेम तिशीच्या पुढं, जिममध्ये जाणारा, दंड असे फुगलेले, तोही पेद्द. नुकताच कमिटीवर आला होता. तो मावशींच्या खुर्चीला वळसा घालून आत शिरला आणि बोर्डाकडं बोट करून अगदी नम्रपणे म्हणाला, "अम्मा, मुंदु पेद्दलकु."

ऐंशीला टेकलेल्या बाईला! आधी मोठ्यांना!

मावशी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसलो. लिफ्ट वर गेली, आणि त्यांचं हसू एकदम थांबलं.

"मला चीड येते रे सुमंता," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं म्हातारी खाली बसून प्रार्थना करते. मी शिव्या घालते. मनातल्या मनात, पण शिव्याच. इथं देवाचं ऐकायला येते आणि याच्या नावानं बोटं मोडत घरी जाते. हे काय चांगलंय का? याच्यामुळं माझं बिघडतंय."

 मी लिफ्टचं दार, त्याची खाच, उगाचच फडक्यानं पुसत बसलो.

"लग्नाच्या दिवशी येशील?" त्यांनी विचारलं.

"येणारच आहे. स्टँडबाय ड्यूटी आहे माझी." मोठा कार्यक्रम असला की आम्ही एक माणूस लिफ्टपाशी ठेवतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. काम एवढंच, की काही बिघडलं तर धावायचं, आणि नाही बिघडलं तर जेवायचं.

लग्नाचा दिवस. शीबा सकाळीच वर गेली, फोटोवाल्याला हॉलमध्ये फोटो हवे होते म्हणून. मावशी खाली दारात थांबल्या. घरचं दुसरं कोणीच नाही, मग येणाऱ्याला वंदनालु, म्हणजे नमस्कार, कोण म्हणणार? नेव्ही ब्लू गदवाल नेसल्या होत्या. हातात मोगऱ्याची फुलं. नवऱ्या मुलाकडची मंडळी आली, त्यांना हात जोडले, पुढं पाठवलं. मग मला म्हणाल्या, "चल. आता माझी पाळी."

मी खुर्ची लिफ्टसमोर नेली. कार खाली आली, दार उघडलं. आणि कुठून कोण जाणे, पंचमंडळी आमच्या दोन्ही बाजूंनी आत. कोट, साड्या, अत्तर, हारांच्या पिशव्या. जयराजू सगळ्यात पुढं, कोटाला गुलाब लावलेला. कार भरली आणि बझर सुरू झाला.

"सर, मावशींना जायचंय," मी म्हणालो. "मुलीचा हात त्या देणार आहेत. खुर्चीपुरती जागा करा. सगळे उतरा, ही ट्रिप त्यांची."

"हो हो, नेक्स्ट ट्रिपला," जयराजू म्हणाले. "आम्हाला वर स्वागताला उभं राहायचंय. अम्मा, टेन्शन नक्को. मी आहे ना."

"तू आहेस तेच टेन्शन आहे," मावशी मराठीत म्हणाल्या. जयराजूंना कळलं नाही, बरं झालं.

बझर वाजतच होता. कोणीतरी एकानं उतरायला हवं होतं. जयराजूंनी मागं वळून प्रेमळपणे आवाहन केलं, "ब्रदर्स, सिस्टर्स, कोणीतरी प्रेमानं उतरा." सगळ्यांनी प्रेमानं एकमेकांकडं बघितलं. मेहुण्यानं वचन वाचायला घेतलं. माझ्या खिशात चावी होती. लिफ्ट बंद करून सगळ्यांना बाहेर काढायचं मी ठरवलंच होतं, हात खिशात गेलाही होता. तेवढ्यात मागून एक लेकुरवाळी बाई मुकाट्यानं बाहेर आली. बझर थांबला. दार लागलं. मंडळी वर गेली.

ती बाई मावशींना म्हणाली, "सॉरी अम्मा, मला आधी कळलं नाही तुम्ही कोण."

"तुला काय सॉरी, लेकरा," मावशी म्हणाल्या.  वरून लाउडस्पीकरमधून पेटी सुरू झाल्याचं ऐकू आलं. "सुमंता, तो देणार रे तिचा हात. बघ तू."

पुढचं वर काय झालं ते मला नंतर अय्यगारूंनी सांगितलं. शीबा वरच्या मजल्यावर लिफ्टच्या दारातच उभी होती, आजीची वाट बघत. दार उघडलं. आतून कोट निघाले, साड्या निघाल्या, हार निघाले. सगळ्यात शेवटी लिफ्ट रिकामी झाली आणि आजी निघाल्याच नाहीत.

"माझी आजी?" तिनं विचारलं.

"नेक्स्ट ट्रिपला येतायत," जयराजू म्हणाले. "चल बेटा, उशीर होतोय. मी देतो हात."

पोरीनं पांढऱ्या साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी उचलल्या आणि सरळ जिना उतरायला लागली. नवरा मुलगा क्षणभर बघत राहिला आणि तिच्यामागं निघाला. मुलगा चांगला निघाला, हे मला तिथंच कळलं. मग अय्यगारू. ते म्हणाले, "मी चेअरमनकडं बघितलंच नाही, साल्वे गारू. बघितलं असतं तर थांबलो असतो." पाळक गेले म्हटल्यावर पाठोपाठ पाहुणे, पाठोपाठ सगळा हॉल.

मी खाली लिफ्टचं बटण दाबून उभा. लिफ्ट काही येईना. आणि जिन्यातून आवाज यायला लागला, पायांचा, बांगड्यांचा, कुजबुजीचा. आधी शीबा दिसली. घामानं डबडबलेली, पदर विस्कटलेला, डोळ्यांतलं काजळ गालावर. येऊन ती आजीच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवरच बसली.

"आजी, इथंच करू," ती म्हणाली.

"अगं, इथं? स्कूटरींच्यात?"

"तू इथं आहेस ना!"

अय्यगारूंनी एकदा पार्किंगकडं बघितलं, एकदा मावशींकडं. मग कोणीतरी दोन स्कूटरी मागं ढकलल्या आणि तिथंच ते उभे राहिले. माइक नव्हता. इतके दिवस हळू बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज गेटपर्यंत ऐकू गेला. त्यांनी विचारलं, ही कन्या कोण देतो?

"मी," मालनमावशी म्हणाल्या. मराठीत. तेलुगू चर्चमध्ये. आणि पोरीचा हात धरून मुलाच्या हातात दिला. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

आणि हे सगळं चाललेलं असताना वरून, शाफ्टमधून, एक आवाज सतत खाली येत होता. टीं टीं टीं. सुरुवातीला लोकांना कळेना. मला कळलं.

हारांच्या पिशव्या दारातच ठेवलेल्या, त्यामुळं लिफ्ट वरच अडकून होती. हॉल रिकामा झालेला बघून पंचमंडळी आणि पेटीवाले, गिटारवाले, सगळे एकदम लिफ्टकडं धावले होते. सगळेच आत शिरले. आता उतरायला ती लेकुरवाळी बाई पण नव्हती. बझर वाजत होता, दार उघडं होतं, आणि आत सगळे थोर. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, आशीर्वादाची प्रार्थना झाली, तरी वर टीं टीं टीं. माझ्याजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बिघडलं काय?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "लिफ्ट एकदम ओके आहे."

मंडळी शेवटी जिन्यानं आली. तोवर बिर्याणी वाढायला घेतली होती. जयराजूंचा गुलाब कुठंतरी पडला होता. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही त्यांना लिफ्टमध्ये मी कोंबलं होतं.

तक्रार झाली, होणारच होती. टेक्निशियनचं वागणं उद्धट आहे, मशीननं पंचांचा अपमान केला. श्रीनिवास सरांनी मला बोलावून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मशीननं अपमान केला म्हणजे नक्की काय केलं?" मी सांगितलं. ते हसत सुटले, आणि हसता हसता माझी बदली दिलसुखनगरच्या रूटवर केली. एएमसी मात्र रिन्यू झाली. त्या भागात दुसऱ्या कोणत्या कंपनीची सर्व्हिस धड नाही, त्यामुळं.

काही महिन्यांनी मालनमावशींचा फोन आला. शीबानं लावून दिला होता.

"कामून रे, विसरलास का मला? आता मी दर रविवारी वर जाते. एकटी, महाराणीसारखी. लिफ्ट रिकामीच असते."

"बाकीचे?"

"जिन्यानं. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये दिसायची सगळ्यांना लाज वाटते. अय्यगारू पहिले जिना चढतात, मग काय करतील बिचारे?"

"म्हणजे सुधारले म्हणायचे."

"सुधारले बिधारले काय नाही. लाजेनं चढतात. पण चढतात." मावशी हसल्या. "जयराजूची शुगर खाली आली म्हणे. स्टेजवर उभा राहून साक्ष दिली त्यानं. प्रभूनं बरं केलं!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"आमेन म्हटलं. मोठ्यानं. आणि मनात शिवी नाही आली रे यावेळी. मलाच नवल वाटलं."

आता मीही रिटायर झालोय. लिफ्टविषयी लोक मला काहीबाही विचारतात. त्यांना एकच सांगतो. बझर वाजला की सगळे मान वळवून जो शेवटी चढला त्याच्याकडं बघतात. त्याची काही गरज नसते. कोणीही उतरलं तरी बझर थांबतो.